खाटेवरून पडणारा पोरगा: 'लिटल निमो'ची कुठली आवृत्ती घ्यावी?

तर झालं असं, गेल्या गणपतीला माझा पुण्याचा मित्र कुडाळ स्टँडवर एसटीतून उतरला तो काखेत मावणार नाही एवढं चपटं पार्सल घेऊन, ते दारात आडवं अडकलं, मागची माणसं ओरडायला लागली आणि कंडक्टर म्हणाला, "आरसो आसा काय ह्यो? लगेज काढलास मा?" आरसा नव्हता, पुस्तक होतं. पण कंडक्टरची काही चूक नाही, 40 सेंटीमीटर रुंद आणि 53 सेंटीमीटर उंच पुस्तक असतं असं मलाही कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. आपला रोजचा पेपर पूर्ण घडी मोडून समोर धरा, त्याच्याहून दोन-तीन बोटं रुंद. संडे प्रेस नावाच्या प्रकाशनाने 2005 मध्ये काढलेलं 'लिटल निमो' या जुन्या अमेरिकन चित्रमालिकेचं पुस्तक, पीटर मरेस्का यांनी संपादित केलेलं. मित्र म्हणाला महिनाभर ठेव, नंतर परत आणून दे. कितीला घेतलं ते त्याने मला सांगितलं, बायकोला सांगू नकोस असंही सांगितलं, म्हणून इथे लिहीत नाही.

आता माझ्याकडे निमोच्या तीन प्रती आधीच होत्या, ही चौथी आली, चारही एका वेळी घरात, बाहेर पाऊस, गणपतीची गर्दी ओसरलेली. म्हटलं एकदा सगळ्या शेजारी शेजारी मांडून बघूया. माझा धंदा छपाईचा. लग्नपत्रिका, दशावताराची हँडबिलं, पतपेढीचे अहवाल, निवडणूक आली की बरे दिवस. त्यामुळे मी पुस्तक वाचायच्या आधी कागद चिमटीत धरून बघतो आणि भिंग लावून ठिपके बघतो, घरच्यांना याचा कंटाळा आलेला आहे, तुम्हालाही येईल कदाचित.

ज्यांना निमो माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विन्सर मॅके नावाच्या अमेरिकन चित्रकाराने 15 ऑक्टोबर 1905 च्या रविवारी न्यूयॉर्क हेरल्ड या पेपरात ही चित्रमालिका सुरू केली. स्ट्रिप म्हणतात म्हणून आपल्याला तीन चौकटींची पट्टी डोळ्यासमोर येते, पण हे पेपरचं अख्खं पान, रंगीत, दर रविवारी. झोपेच्या राज्याचा राजा मॉर्फियस, त्याला आपल्या मुलीसाठी खेळगडी हवा असतो, म्हणून तो निमो नावाच्या पोराला बोलावणं धाडतो. निमो झोपला की निघतो, वाटेत काहीतरी विचित्र होतं, घोडा उधळतो, हत्तीच्या पायाएवढे जाड देठ असलेली अळंबी त्याच्या अंगावर कोसळतात, आणि शेवटच्या छोट्या चौकटीत पोरगा खाटेवरून खाली नाहीतर अंथरुणात दचकून बसलेला, आणि घरातलं कुणीतरी ओरडतंय. पुढच्या रविवारी परत तेच. ऑक्टोबरात निघालेल्या या पोराला राजकन्या प्रत्यक्ष भेटायला 8 जुलै 1906 उजाडतो, नऊ महिने झाले की हो. मध्ये फ्लिप नावाचा एक हिरव्या तोंडाचा, सिगार ओढणारा आगाऊ इसम आहे, त्याच्या हॅटवर 'जागा हो' असं इंग्रजीत लिहिलेलं, तो आला की स्वप्नाचा बट्ट्याबोळ ठरलेला. मला अख्ख्या मालिकेत तोच सगळ्यात आवडतो, राजकन्या म्हणजे नुसती कपडे दाखवायला आहे असं माझं मत.

आपण चांदोबा वाचून मोठे झालो, आपल्याला या रचनेचं नवल वाटायला नको. विक्रम राजा प्रेत खांद्यावर घेणार, वेताळ गोष्ट सांगणार, राजा तोंड उघडणार आणि वेताळ परत झाडावर. शेवट माहीत असूनही आपण दर महिन्याला वाचायचो, कारण शेवटासाठी वाचतच नव्हतो. निमोचं तसंच आहे. तो पडणार हे पहिल्या पानापासून माहीत असतं, बघायचं असतं ते कुठून आणि कसा पडतो, आणि मॅकेने ते पडणं पानाच्या आकारात बसवलेलं असतं, म्हणजे चौकटी लांब होतात, रुंद होतात, वाकतात. म्हणूनच आवृत्ती कुठली हा प्रश्न या मालिकेच्या बाबतीत चोखंदळपणाचा नाही. कादंबरी कुठल्याही छापाची वाचली तरी कादंबरी तीच. इथे पान लहान केलं की तुम्ही थोडं दुसरंच काहीतरी वाचता.

पहिली प्रत माझ्याकडे आली ती डोव्हर प्रकाशनाची, 1976 ची, बर्फाच्या महालाच्या भागाची. मुंबईत फोर्टात मशीनचे स्पेअर पार्ट घ्यायला गेलो होतो तेव्हा फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मिळाली, साठ रुपयांना, त्याने शंभर सांगितले होते. पातळ पेपरबॅक, ए-फोरपेक्षा जरासं मोठं पान, रंगीत. यात पूर्ण मालिका नाही, फक्त जॅक फ्रॉस्टच्या, म्हणजे गोष्टींतल्या थंडीच्या राजाच्या, बर्फाच्या महालातली आणि पुढची थोडी पानं. तरीसुद्धा माझी सगळ्यात जास्त वाचली गेलेली प्रत हीच आहे, कारण ती हातात धरता येते, झोपाळ्यावर नेता येते, जेवताना ताटाशेजारी ठेवता येते, एका पानावर सोलकढीचा डाग आहे तो त्याचाच पुरावा. वाईट काय तर अक्षर. मॅके चित्रात देव माणूस, पण त्याचे संवादाचे फुगे म्हणजे, काय सांगू, आमच्याकडे पत्रिकेत आयत्या वेळी 'आमच्या आत्याला नक्की यायचं हं' ही ओळ घुसवायला सांगतात तेव्हा आमचा ऑपरेटर जशी अक्षरं दाबून बसवतो, तसे. आधी फुगा काढला आणि मग त्यात वाक्य कोंबलं असं वाटतं, शेवटचे शब्द काठावर घसरतात. मूळ आकारात ते कसंबसं वाचता येतं, डोव्हरच्या आकारात वयाच्या पंचेचाळिशीनंतर भिंगच लागतं. मी पानाचा हिशोब केला, मूळ पानाच्या क्षेत्रफळाचा जेमतेम एक तृतीयांश भाग या पुस्तकात उरतो.

दुसरी प्रत ही माझी चूक, आणि हिच्याबद्दल जरा जास्त लिहिणार आहे कारण तुमचीही होऊ शकते. निमोची 1905 ते 1914 ची पानं आता कॉपीराइटमधून मोकळी आहेत, त्यामुळे कुणीही उठतं, इंटरनेटवरचे स्कॅन उतरवतं आणि ऑर्डर आली की एकेक प्रत छापून पाठवतं. प्रकाशकाचं नाव घेत नाही, खरं तर पुस्तकावर धड नावच नाही. ऑनलाइन 'संपूर्ण' असं लिहिलेलं, मुखपृष्ठ झकास, मी आपला मागवलं. आलं ते बघून माझ्यातला छपाईवाला रडायचा बाकी राहिला. स्कॅन एवढे कमी रिझोल्यूशनचे की काळ्या रेषेच्या कडेला जिना दिसतो, निळा रंग मोबाइलवर काढलेल्या फोटोसारखा चट्ट्याचट्ट्यांचा, एक पान दोनदा, एक उलट्या क्रमाने, तारखा बऱ्याच ठिकाणी कापून टाकलेल्या. तारीख कापणं हा मला गुन्हा वाटतो, कारण ही रविवारची चित्रमालिका आहे, थँक्सगिव्हिंग या अमेरिकनांच्या टर्की खायच्या सणाच्या आधीच्या रविवारी, म्हणजे 26 नोव्हेंबर 1905 ला, राक्षसी टर्की येऊन घरच उचलून खायला लागते आणि निमो क्रॅनबेरीच्या सॉसच्या तळ्यात पडतो, ही गंमत तारीख बघितल्याशिवाय कशी कळणार? उद्या कुणी नारळी पौर्णिमेचं व्यंगचित्र तारीख कापून दाखवलं तर तो माणूस समुद्रात नारळ का टाकतोय असंच विचाराल ना. वर गमाचं बाइंडिंग, ते सुद्धा इतकं कंजूष की पहिल्याच जुलैत पानं सुटी झाली. परत करायची मुदत संपलेली. सध्या त्याची पानं दुकानात मशीनच्या ट्रायल शीटखाली आहेत, रोलर पुसायला बरी पडतात.

म्हणून सांगतो, कुठलीही प्रत घ्या पण आधी आतल्या पानाचा फोटो मागा, फुग्यातली अक्षरं वाचता येतात का बघा, आणि संपादकाचं नाव आहे का बघा. नाव नसेल तर घेऊ नका, विषय संपला.

तिसरी प्रत टाशेन या जर्मन प्रकाशनाची. ही 2014 ची, अलेक्झांडर ब्राउन यांनी केलेली, संपूर्ण, आणि इथे संपूर्ण म्हणजे खरंच संपूर्ण, 549 पानं. हेरल्डमधली 1911 पर्यंतची, मग मॅके हर्स्ट नावाच्या पेपरमालकाकडे गेला तिथे मालिकेचं नाव बदलून 1914 पर्यंत चालली ती, आणि पुढे 1924 ते 1926 मध्ये हेरल्ड ट्रिब्यूनमध्ये परत सुरू केली तीही. या आवृत्तीला 2015 चं आयझनर, म्हणजे कॉमिक्ससाठीचं अमेरिकन पारितोषिक मिळालं, जुन्या स्ट्रिपांच्या संग्रहासाठी असतं ते. माझी भाची जर्मनीत असते, तिने आणलं. विमानतळावर तिला दोन जॅकेट अंगावर घालावी लागली, कारण बॅगेतलं वजन पुस्तकाने खाल्लं, आणि ती अजून प्रत्येक लग्नात ही गोष्ट सगळ्यांना सांगते.

पान साधारण 34 बाय 44 सेंटीमीटर. म्हणजे मूळ क्षेत्रफळाच्या सत्तर टक्के. कागद चकचकीत आर्ट पेपर नाही, हात फिरवला की लगेच कळतं, आणि हे फार बरं केलंय. जुन्या पेपरातले रंग बेन-डे नावाच्या पद्धतीच्या बारीक रंगीत ठिपक्यांतून यायचे, ठिपके कागदात थोडे मुरायचे, तो मऊपणा चकचकीत कागदावर मरतो, शिवाय वरचा ट्यूबलाइट पानात दिसतो ते वेगळंच. ब्राउन यांचा प्रस्तावनेचा भाग लांबलचक आहे, चित्रं भरपूर, मॅके आधी सर्कशीच्या जाहिराती आणि जत्रेतल्या तंबूंची पोस्टरं रंगवायचा, नंतर त्याने स्वतः हाताने हजारो चित्रं काढून निमोची ॲनिमेशन फिल्म केली 1911 मध्ये, आणि 1914 मध्ये गर्टी नावाची डायनासोर. मी हा भाग तुकड्या तुकड्यांत वाचला, एका बैठकीत वाचायला मांडीला टेकू लागतो.

पण संपूर्ण आवृत्तीचा एक तोटा कुणी सांगत नाही. संपूर्ण म्हणजे कंटाळवाणीही पानं आली. 1905 ते 1908 मॅके नुसता सुटलेला आहे, प्रत्येक रविवारी नवीन. 1910 च्या हवाई जहाजाच्या फेरीत मंगळ वगैरे गोष्टी मस्त आहेत पण मध्ये मध्ये शहरं दाखवत फिरणं होतं, पर्यटन महामंडळाच्या कॅलेंडरसारखं. आणि 1924 नंतरची पानं बघून मला वाईट वाटलं. हात तोच, रेष तशीच स्वच्छ, पण चौकटी सगळ्या एका मापाच्या, बारा चौकटी ओळीने, जसं सरकारी रजिस्टर. मी ती सगळी वाचली कारण भाचीने जॅकेटं घातली होती.

आता ती चौथी, आरशावाली. पहिल्या दिवशी मी ती टेबलावर उघडली तर अर्धं पुस्तक हवेत. मांडीवर घेतली तर गुडघ्यापुढे. शेवटी लोट्यावर, म्हणजे ओसरीवर, चटई टाकली, पुस्तक जमिनीवर आडवं केलं आणि मी पालथा झोपलो, कोपर टेकून, जसे लहानपणी रविवारी पेपरावर झोपायचो तसा. आणि मग कळलं की हे पुस्तक असंच वाचायचं असतं. अमेरिकेतली पोरंही तेव्हा पेपर गालिच्यावर पसरूनच वाचत असणार, दुसरा इलाजच नव्हता. डोकं पानाच्या वर, नजर वरून खाली घसरते, आणि निमो पडतो तेव्हा आपल्याच दिशेने पडतो.

पुतण्याची पोरं गणपतीला डोंबिवलीहून आलेली होती, ती माझ्या दोन्ही बाजूला येऊन पडली. थोरली आठ वर्षांची, धाकटा पाच. मी इंग्रजी वाचायचं आणि मराठीत सांगायचं. आम्ही उघडलं 26 जुलै 1908 चं पान, चालत्या खाटेचं. खाटेचे पाय वाढायला लागतात, चौकटीगणिक लांब, खाट घोड्यासारखी चालत खिडकीबाहेर, रस्त्यावर, घरांच्या छपरांवरून पाय टाकत, आणि जसे पाय उंच होतात तशा चौकटीही उंच होत जातात, म्हणजे पानच पाय ताणून उभं राहतं. मग पाय चर्चच्या कळसाला अडकतो आणि धडाम. धाकटा म्हणाला, "हा रोज पडतो का?" मी म्हटलं, दर रविवारी. तो म्हणाला, "मग ते त्याला खाली का नाही झोपवत?" या प्रश्नाला एकशे वीस वर्षांत कुणी उत्तर दिलेलं नाही. माझी आई तिथेच बसून वाती वळत होती, तिने मान लांब करून बघितलं आणि म्हणाली, "ह्यो झिल रातचो खाता तरी काय?" आता हे तिने सहज म्हटलं, पण मॅकेच्या मनातलं बोलली, कारण बऱ्याच पानांच्या शेवटी निमोच्या घरचे हेच म्हणतात, झोपताना अरबट चरबट खाल्लंस म्हणून. मॅकेची याच्याआधीची एक मालिका होती 1904 पासून, त्यात तर प्रत्येक माणसाला वितळलेलं चीज टाकलेला टोस्ट खाल्ला म्हणून भयंकर स्वप्न पडतं, अख्खी मालिका अपचनावर. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली मग, मी काय वेगळा सांगलंय.

मी नंतर तेच चालत्या खाटेचं पान टाशेनमध्ये काढून शेजारी ठेवलं. सत्तर टक्के म्हणजे कागदावर फार फरक वाटत नाही, पण डोळ्याला वाटतो. टाशेनमध्ये मी खाट बघतो. मोठ्या पुस्तकात खाटेखालची गल्ली बघतो, खिडक्या, छपराच्या कडा, सगळ्यात लांब चौकटीत पायाच्या तळाशी काय आहे ते बघायला मला खरंच मान खाली न्यावी लागते, आणि मान खाली नेण्यात जेवढा वेळ जातो तेवढी उंची वाटते. हे शब्दांत नीट सांगता येत नाहीये, पण पोरांना ते आपोआप कळलं, थोरलीने बोटाने खाटेचा पाय वरपासून खालपर्यंत गिरवला. टाशेनच्या पानावर तिने बोट ठेवलंच नाही, नुसतं बघितलं आणि पान उलटलं.

इथे मला आमच्या पिंगुळीची आठवण आली. कुडाळच्या उशालाच गाव, तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी तुम्ही बघितली असेल, परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या पेपरांत आलं होतं. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं, एकामागे एक सुटे कागद, त्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. सांगणारा कागद टेकवून उभा करतो, वीणा, हुडूक, टाळ चालू, गोष्ट पुढे गेली की कागद बदलतो. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, आमच्या धंद्यातला माणूस हे लगेच हेरतो. तर तिथे बसलेल्या माणसाला आधी अख्खं चित्र एकदम दिसतं, आणि मग आवाज जसा जातो तशी नजर हातावर, धनुष्यावर, रथाच्या चाकावर जाते. आधी सगळं, मग बारीक. निमोचं पान त्याच क्रमाने वाचायचं असतं, आणि तो क्रम फक्त या आरशाएवढ्या पुस्तकात जमतो. डोव्हरमध्ये अख्खं पान दिसतं पण बारकावे जातात. टॅबवर स्कॅन फुकट मिळतात, मी तेही करून बघितलं, दोन बोटांनी मोठं केलं की बारकावे येतात आणि पान जातं, शिवाय निमो कोसळायच्या ऐन वेळी बँकेचा मेसेज येतो.

रंगाचं म्हणाल तर संडे प्रेसवाल्यांनी पानं नीट साफ केली आहेत पण धुवून पांढरी केलेली नाहीत. कागदाची थोडी पिवळसर झाक ठेवली आहे. यावरून मित्राचं आणि माझं वाजलं. तो म्हणतो 1905 च्या रविवारी सकाळी पेपर काय पिवळा होता का, ताजा असणार, मग पिवळा कशाला छापायचा. मुद्दा चुकीचा नाही. पण न्यूजप्रिंट मुळातच पांढराशुभ्र नसतो, लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं लिग्निन उजेडात पिवळं पडतं हे खरं, तरी पहिल्या दिवशीही तो दुधासारखा नसतो, फार तर ताकासारखा. एकदम पांढऱ्यावर हेच फिके गुलाबी आणि पोपटी छापले तर ते कपड्याच्या पावडरच्या जाहिरातीसारखे दिसतात. वाद मिटला नाही, तो फणसाच्या आठळ्या खात राहिला आणि मी भिंग लावून त्याला ठिपके दाखवत राहिलो.

या पुस्तकाची उणी बाजूही आहे. संपूर्ण नाही, निवडक पानं आहेत, शंभराच्या वर पण निवडक, 2008 मध्ये दुसरा भाग निघाला, दोन्ही मिळूनही सगळी होत नाहीत. त्यामुळे गोष्ट मधेच उडी मारते, निमो या पानावर बर्फात आणि पुढच्या पानावर भलतीकडेच. मला चालतं, पण थोरलीला नाही चाललं, ती म्हणाली मधलं कुठे गेलं, मग टाशेन काढून मधलं दाखवावं लागलं. दोन्ही पुस्तकं एकाच चटईवर उघडी, मधे मी, आणि आईला स्वयंपाकघरात जायला वाट नाही.

एक गोष्ट सगळ्याच आवृत्त्यांना लागू. इम्पी नावाचं एक पात्र 1907 पासून येतं, जंगलातला काळा पोरगा, जाड ओठ, गवताचा घागरा, बोलणं म्हणजे नुसती बडबड. तेव्हाच्या अमेरिकेत असंच काढायचे हे खरं आणि ते वाईट दिसतं हेही खरं. पोरांबरोबर वाचत असाल तर तिथे थांबून दोन शब्द बोला. मी बोललो. थोरली म्हणाली याला नीट बोलायला का नाही दिलं, आणि पुढच्या पानापासून तिने स्वतःच इम्पीचे संवाद मालवणीत म्हणायला सुरुवात केली, आजीकडून शिकलेल्या शिव्यांसकट.

जुनी फँटाग्राफिक्स या अमेरिकन प्रकाशनाची सहा भागांची संपूर्ण आवृत्ती आहे, 1989 ते 1993 दरम्यान आलेली, मी ती एकदाच, एका ग्रंथालयात उभ्या उभ्या चाळली. आकार टाशेनपेक्षा लहान, पण एकेक भाग हातात धरता येतो. जुन्या बाजारात मिळाली तर सोडू नका एवढंच सांगतो.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न, पावसाळा. परदेशातले लोक पुस्तकाची छपाई बघतात, आपण बुरशीही बघायची. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जून ते सप्टेंबर चामड्याच्या चपलेवर हिरवळ उगवते तिथे पुस्तकाचं काय घेऊन बसलात. चकचकीत कोटेड कागद दमट हवेत एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना शाई सोलून येते, त्या दृष्टीने टाशेन आणि संडे प्रेस दोन्हींचा मॅट कागद आपल्या हवेला बरा. पण मॅट कागद ओल पितो, त्यामुळे पानं लाटांसारखी होतात. माझा उपाय असा: लोखंडी कपाट, सगळ्यात वरचा खण, त्यात झिरोचा बल्ब दिवसरात्र, पुस्तक आडवं, उभं नाही, कारण एवढं वजनदार पुस्तक उभं ठेवलं की आतली पानं स्वतःच्या भाराने खाली लोंबतात आणि बाइंडिंगपासून सुटायला लागतात. डांबरगोळ्या कापडात बांधून कोपऱ्यात, पुस्तकाला टेकवून नाही. कडुनिंबाचा पाला ठेवायचा असेल तर पूर्ण वाळलेला, ओला ठेवलात तर तुम्हीच बुरशीला जेवायला बोलावलंत. कसर आणि वाळवी यांच्यासाठी दर महिन्याला एकदा सगळं काढून झटकायचं. मोठं पुस्तक हे याला सोयीचं नाही, झटकायला दोन माणसं लागतात. ऑक्टोबरात कडक ऊन पडलं की पडवीत सावलीत उघडून ठेवायचं, उन्हात नाही, रंग उडतो.

डोव्हरला यातलं काही केलेलं नाही, ती फडताळात भाताच्या डब्याशेजारी असते आणि व्यवस्थित आहे.

विकत घ्यायचं असेल तर माझं मत. घरात लहान मूल असेल आणि पैसे बेताचे असतील तर जुन्या बाजारातली डोव्हर, फाटली तरी जीव जाणार नाही. मॅकेने काय काय केलं ते सगळं बघायचं असेल तर टाशेन, परदेशातून कुणीतरी येणारं असेल आणि त्याच्याशी तुमचे संबंध अजून चांगले असतील तर. संडे प्रेसचं पुस्तक विकत घ्या असं मी म्हणणार नाही, ज्याच्याकडे आहे अशा माणसाशी मैत्री करा. आणि ते नाव नसलेलं स्वस्तातलं 'संपूर्ण' घेणार असाल तर मला सांगा, माझी प्रत देतो, पोस्टेज तुमचं, रोलरच्या शाईचे डाग फुकट.

पुस्तक मी महिन्याने परत केलं नाही, दोन महिने ठेवलं. परवा शेवटी पुठ्ठ्याच्या दोन तावांमध्ये घालून, वर गणपतीच्या मखराचा उरलेला थर्माकोल लावून, प्लास्टिकात गुंडाळून पुण्याच्या गाडीत चढलो, लगेजचं तिकीट स्वतःहून काढलं. शेजारचा माणूस कणकवलीपर्यंत बघत होता, मग म्हणाला, "टीव्ही आसा काय?"